टीआरपीएम-२: पेरॉक्साइडने उघडणारं चॅनेल दाह वाढवतं की आवरतं?

पेशीरंध्र (धागाकर्ता)

ऑक्सिडेटिव्ह ताण आणि दाह यांची चर्चा बहुतेक वेळा 'आरओएस (ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू) वाढले, एनएफ-कॅपा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) जागा झाला, सायटोकाइन (पेशींचे दाह-संदेश) सुटले' एवढ्यावर आटोपते. वाढलेला हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीला कळतो कसा, ही मधली पायरी गळून पडते. अनेक पेशींत ती पायरी आयन चॅनेल, म्हणजे पेशीपटलातली आयनांची दारं, पार पाडतात. धागा मुख्यतः टीआरपीएम-२ साठी आहे. ओघात टीआरपीए-१, ओराय-१, एचव्ही-१ आले तर स्वागत.

टीआरपीएम-२ हे चार सारख्या उपघटकांचं चॅनेल. धन आयनांमध्ये ते फारसा भेदभाव करत नाही: सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो, कॅल्शियमही चांगल्यापैकी आत शिरतो. मोनोसाइट, मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल, मायक्रोग्लिया, स्वादुपिंडातल्या बीटा पेशी, न्यूरॉन अशा बऱ्याच ठिकाणी ते सापडतं. त्याला थेट उघडणाऱ्या गोष्टी दोनच मुख्य आहेत, पेशीच्या आतला मोकळा एडीपी-रायबोज आणि आतल्याच बाजूचा कॅल्शियम. दोन्ही एकत्र लागतात. २००१ मध्ये एडीपी-रायबोजची भूमिका समोर आली आणि २००२ मध्ये पेरॉक्साइडने हे चॅनेल उघडून पेशी मरतात हेही दाखवलं गेलं.

पेरॉक्साइड या चॅनेलला स्वतः उघडत नाही. त्याने डीएनएला खाचा पडतात, पार्प-१ हे विकर एनएडी वापरून पॉली-एडीपी-रायबोजच्या साखळ्या विणतं, पार्ग हे विकर त्या तोडतं, आणि त्यातून मोकळा एडीपी-रायबोज चॅनेलपर्यंत पोचतो. मायटोकॉन्ड्रियातूनही तो येतो. म्हणून पेशीवर पेरॉक्साइड टाकल्यावर कॅल्शियम चढायला मिनिटं लागतात, पण पिपेटमधून एडीपी-रायबोज दिला की प्रवाह जवळपास लगेच दिसतो.

आता मूळ पेच. २००८ मध्ये क्योटोतल्या यासुओ मोरींच्या गटाने दाखवलं की मोनोसाइटमध्ये टीआरपीएम-२ मधून आलेला कॅल्शियम पीवायके-२, रास, ईआरके या वाटेने रेल-ए (एनएफ-कॅपा-बीचा घटक) पर्यंत पोचतो आणि सीएक्ससीएल-८ हे न्यूट्रोफिलना बोलावणारं केमोकाइन बनवायला लावतो. हे चॅनेल नसलेल्या उंदरांत डीएसएस (डेक्स्ट्रन सल्फेट सोडियम) देऊन केलेला आतड्याचा दाह सौम्य राहिला. २०१२ मध्ये शिकागोच्या असरार मलिक यांच्या गटाने नेमकं उलट सांगितलं: चॅनेल नसलेल्या उंदरांना एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला एलपीएस) दिलं तर फुफ्फुसाचा दाह जास्त, कारण फॅगोसाइटमधलं, सुपरऑक्साइड बनवणारं एनएडीपीएच ऑक्सिडेज आवरलं जात नाही. २०१३ मध्ये तिसरं काम आलं, त्यात हे चॅनेल एनएलआरपी-३ इन्फ्लमझोमला (आयएल-१ बीटा हा दाह-संदेश तयार करून सोडणाऱ्या प्रथिन-यंत्राला) चालना देताना दिसलं.

तिन्ही कामं जबाबदारीने केलेली आहेत. यांची संगती कशी लावायची, आणि आपल्या पेशीत कुठली बाजू चालते हे ठरवायला कोणते नियंत्रण-प्रयोग लागतात, यावर नेमकं लिहावं ही विनंती.

---

विद्युतभार

संगती लावायला एक प्रश्न आधी विचारावा: ऑक्सिडंट आला कुठून?

२००८ च्या कामात मोनोसाइटवर पेरॉक्साइड बाहेरून दिलेला आहे. तिथे चॅनेल फक्त ऐकणारं आहे. ते उघडलं, कॅल्शियम आला, केमोकाइन बनलं. चॅनेल काढलं की संदेश तुटतो आणि दाह कमी होतो.

२०१२ च्या कामात ऑक्सिडंट पेशी स्वतः बनवते आहे, एनओएक्स-२ मधून, म्हणजे त्याच एनएडीपीएच ऑक्सिडेजमधून. हे विकर आतले इलेक्ट्रॉन पटलापलीकडे फेकतं, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे पेशीचा आतला भाग थोडा धन होतो. त्याच वेळी टीआरपीएम-२ उघडलं तर पटलाचा व्होल्टेज आणखी चढतो आणि ऑक्सिडेजचा वेग पडतो, असं त्यांचं म्हणणं. इथे चॅनेल ऐकतंही आणि उगमाला मागे खेचतंही. ते काढलं की उगम मोकाट सुटतो.

म्हणजे एकाच चॅनेलच्या दोन जागा आहेत. 'टीआरपीएम-२ दाहकारक' किंवा 'दाहरोधक' असं बिरुद पेशी, उत्तेजक आणि वेळ सांगितल्याशिवाय लावूच नये, या मतावर मी ठाम आहे.

---

अर्धपारगम्य

विद्युतभार, पहिला भाग पटला. व्होल्टेजचा भाग मात्र इतका सरळ नाही.

मानवी इओसिनोफिलमध्ये एनओएक्सचा इलेक्ट्रॉन प्रवाह २००३ मध्ये थेट मोजला गेला आहे. −१०० मिलिव्होल्टपासून शून्याच्या थोडं वरपर्यंत तो व्होल्टेजने फारसा बदलत नाही. त्यापुढे झपाट्याने घटतो आणि +१९० च्या सुमारास थांबतो. आता टीआरपीएम-२ बघा. ते धन आयनांत भेदभाव करत नाही, म्हणून त्याचा प्रवाह ० मिलिव्होल्टपाशी उलटतो. ते कितीही उघडलं तरी पटलाला शून्याकडेच ओढणार. ज्या पट्ट्यात ऑक्सिडेजला व्होल्टेजची पर्वा नाही, त्याच पट्ट्यात हे घडतं.

उलट, ऑक्सिडेजने पटल +५० च्या वर नेलं असेल तर उघडलेलं टीआरपीएम-२ ते खाली आणेल, म्हणजे तत्त्वतः ऑक्सिडेजला मदतच करेल. ते काम मुख्यतः एचव्ही-१ प्रोटॉन चॅनेल करतं. प्रोटॉन बाहेर सोडून ते भारही फेडतं आणि आतला आम्लपणाही काढतं.

चॅनेल नसलेल्या पेशींत सुपरऑक्साइड जास्त निघतो या निरीक्षणावर माझा आक्षेप नाही. फक्त 'डीपोलरायझेशन (पटलाचा ऋण व्होल्टेज शून्याकडे सरकणं) झालं म्हणून' हे कारण आकड्यांत तपासल्याशिवाय पुढे नेऊ नये.

---

विद्युतभार

मुद्दा रास्त आहे. यात एक भर. डीपोलरायझेशनचा परिणाम ऑक्सिडेजवर थेट नसला तरी कॅल्शियमवर होतोच. बाहेर २ मिलिमोलर आणि आत १०० नॅनोमोलर धरलं तर कॅल्शियमचा समतोल व्होल्टेज ३७ अंशांना साधारण +१३० मिलिव्होल्ट येतो. पटल −६० वर असताना आत ढकलणारा जोर १९० मिलिव्होल्ट, शून्यावर असताना १३०. जवळपास एक तृतीयांश जोर गेला. ओराय-१ सारख्या कॅल्शियम-निवडक चॅनेलमधून येणारा कॅल्शियम यामुळे घटतो. ऑक्सिडेज जुळवणाऱ्या काही पायऱ्या कॅल्शियमवर अवलंबून असल्याने आवरण्याचा परिणाम या वाटेनेही येऊ शकतो.

वेगळं करायचं असेल तर पेशी व्होल्टेज-क्लॅम्पमध्ये −६० आणि ० वर धरून इलेक्ट्रॉन प्रवाह मोजावा, पिपेटमध्ये एडीपी-रायबोज असताना आणि नसताना. क्लॅम्पमध्ये व्होल्टेज आपल्या हातात असल्याने चॅनेलचा उरलेला परिणाम व्होल्टेजमुळे नाही हे तिथेच कळतं.

---

मोजपट्टी

तत्त्वचर्चेत भर घालण्याआधी पेरॉक्साइडच्या मापाबद्दल लिहितो, कारण निम्मी विसंगती तिथेच जन्मते.

३०% बाटली म्हणजे सुमारे ९.८ मोलर, पण उघडल्यावर ताकद उतरते. दर वेळी मोजा. १:१००० पाण्यात पातळ करून २४० नॅनोमीटरला, १ सेंटिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये वाचन घ्या. गुणांक ४३.६ प्रति मोलर प्रति सेंटिमीटर. ताजी बाटली ०.४३ च्या आसपास वाचते. ०.३५ आलं तर बाटली ८ मोलरवर आली आहे. प्लॅस्टिकचा साधा क्युव्हेट या तरंगलांबीला चालत नाही. पातळ द्रावण त्याच दिवशी, बर्फावर, अंधारात ठेवून वापरा.

माध्यम: डीएमईएमच्या अनेक प्रकारांत १ मिलिमोलर पायरुव्हेट असतं. ते पेरॉक्साइडशी एकास एक प्रमाणात जुळून त्याला संपवतं, विकर लागत नाही. ५०० मायक्रोमोलर टाकलात तर काही मिनिटांत त्यातला बराचसा गेलेला असतो. टीआरपीएम-२ ला उघडायला मिनिटं लागतात, तेव्हा शर्यत पायरुव्हेट जिंकतं. सीरममध्येही कॅटालेज असतं. उपचाराच्या काळात सीरम आणि पायरुव्हेट नसलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलं हँक्स द्रावण घ्या आणि नंतर पूर्ण माध्यमावर या.

आता सर्वांत दुर्लक्षित गोष्ट, पेशीमागे मात्रा. ९६ विहिरींच्या प्लेटमध्ये १०० मायक्रोलिटर, २०० मायक्रोमोलर म्हणजे २० नॅनोमोल. विहिरीत ५०,००० पेशी असतील तर पेशीमागे ०.४ पिकोमोल. १०,००० असतील तर २ पिकोमोल. संहती तीच, मात्रा पाचपट. पेशी स्वतः पेरॉक्साइड खातात म्हणून हा फरक पडतो. लेखात फक्त 'मायक्रोमोलर' लिहून भागत नाही. घनफळ आणि पेशीसंख्या हवीच.

---

नलिका

मोजपट्टी, उत्तम. एकदम ओतण्यापेक्षा ग्लुकोज ऑक्सिडेजने सावकाश पेरॉक्साइड तयार करणं कितपत उपयोगी?

---

मोजपट्टी

दाहाच्या प्रश्नासाठी जास्त योग्य. एकदम ओतलेला पेरॉक्साइड सुरुवातीला शिखर गाठतो आणि तासाभरात बहुतेक संपतो. सूजलेल्या ऊतीत असं होत नाही, तिथे पुरवठा तासन्‌तास चालू असतो. ग्लुकोज ऑक्सिडेजच्या एककांवर विसंबू नका; बाटलीवरची एककं वेगळ्या पीएच आणि तापमानाची असतात. आपल्या माध्यमात, पेशींशिवाय, अॅम्प्लेक्स रेडने मिनिटामागे किती मायक्रोमोलर बनतात ते मोजा आणि मग विकराचं प्रमाण ठरवा. सोबत कॅटालेजचं नियंत्रण ठेवा, ५०० ते १००० एकक प्रति मिलिलिटर. कॅटालेज घातल्यावरही परिणाम टिकला तर तो पेरॉक्साइडचा नाही. त्या विकराच्या तयारीत एंडोटॉक्सिन आहे का हेही तपासा, कारण मॅक्रोफेजला त्याचे नॅनोग्रॅमही पुरतात.

---

सीलबंद

पॅच-क्लॅम्प करणाऱ्यांसाठी.

पिपेटमध्ये सिझियम ग्लुटामेट १४५ मिलिमोलरच्या आसपास, सोडियम क्लोराइड ८, हेपेस १०, पीएच ७.२. मोकळा कॅल्शियम बफरने निश्चित करा. १० मिलिमोलर बॅप्टा (कॅल्शियम पकडणारा पदार्थ) घालून कॅल्शियम दिलाच नाही तर एडीपी-रायबोज असूनही प्रवाह मिळत नाही, आणि तेच एक चांगलं नियंत्रण आहे. एडीपी-रायबोज १०० ते ५०० मायक्रोमोलर. −१०० ते +१०० असा रॅम्प दर काही सेकंदांनी. प्रवाह-व्होल्टेज रेषा सरळ येते आणि शून्यापाशी उलटते.

अडचण इथेच आहे. सुटलेलं सीलही हुबेहूब अशीच सरळ, शून्यातून जाणारी रेषा देतं. पेरॉक्साइडने पटल कमकुवत होऊन १० मिनिटांनी सील गळायला लागतं, आणि टीआरपीएम-२ सुद्धा तेवढ्याच वेळाने उघडतं. दोन्ही वेगळे ओळखायचे तर दोन तपासण्या सक्तीच्या. पहिली, बाहेरचे सोडियम-कॅल्शियम काढून एनएमडीजी (चॅनेलमधून न जाणारा मोठा धन आयन) द्या. चॅनेलचा आतला प्रवाह नाहीसा होतो, गळतीचा उरतो. दुसरी, शेवटी एसीए हा चॅनेलचा अवरोधक २० मायक्रोमोलर द्या. प्रवाह पडला नाही तर ती पेशी आकडेवारीत घेऊ नका.

आणखी एक सावधगिरी. बाजारातला सायक्लिक एडीपी-रायबोज आणि एनएडी यांत मोकळ्या एडीपी-रायबोजची भेसळ असते. हे पदार्थ चॅनेल उघडतात अशी जुनी निरीक्षणं बरीचशी या भेसळीमुळे होती. शुद्ध केलेल्या पदार्थांनी, कापून घेतलेल्या पॅचवर ते तपासलं गेलं आहे. पेरॉक्साइडही अशा पॅचवर काही करत नाही, कारण डीएनए आणि पार्पची यंत्रणाच तिथे नसते.

---

फुरारंग

कॅल्शियम इमेजिंगबद्दल.

फुरा-२ एएम २ ते ५ मायक्रोमोलर, प्लुरॉनिक ०.०२%, खोलीच्या तापमानाला ३० ते ४५ मिनिटं, मग २० मिनिटं नुसतं द्रावण, म्हणजे एस्टर पूर्ण तुटतो. ३७ अंशांना लोड केलं तर रंग लायसोसोम आणि मायटोकॉन्ड्रियात जाऊन बसतो. टीआरपीएम-२ लायसोसोमवरही असतं, त्यामुळे संदेश कुठून आला याचा गोंधळ आणखी वाढतो.

मॅक्रोफेज हा रंग बाहेर फेकतात. म्हणून २.५ मिलिमोलर प्रोबेनेसिड देतात. ते सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतं, त्यामुळे शेवटी पीएच ७.४ वर आणायला विसरू नका. हेच प्रोबेनेसिड पॅनेक्सिन-१ अडवतं आणि टीआरपीव्ही-२ उघडतं. पॅनेक्सिनमधून सुटणारं एटीपी पी२एक्स-७ या चॅनेलला उघडून इन्फ्लमझोमकडे नेतं. म्हणजे कॅल्शियम मोजलेल्या विहिरीतूनच आयएल-१ बीटा मोजाल तर उत्तर दूषित. दोन्हींसाठी विहिरी वेगळ्या ठेवा.

एचईके पेशींत टीआरपीएम-२ भरपूर व्यक्त केलं असेल तर फुरा-२ लगेच तृप्त होतो. त्याची बंधनक्षमता ३७ अंशांना सुमारे २२४ नॅनोमोलर, आणि पेशीत कॅल्शियम त्याच्या कितीतरी वर जातो. मग सगळे डोस सारखेच दिसतात. तिथे कमी आसक्तीचा रंग घ्या.

आणि ३४० नॅनोमीटरचा प्रकाश कमीत कमी द्या. अतिनील प्रकाश स्वतःच पेशीत ऑक्सिडंट तयार करतो. पेरॉक्साइड न दिलेल्या, तेवढाच प्रकाश मिळालेल्या पेशी सोबत हव्यातच. तापमानाची नोंदही हवी: टीआरपीएम-२ ऊब ओळखतं आणि पेरॉक्साइडमुळे त्याचा उंबरठा शरीराच्या तापमानापर्यंत खाली येतो, हे २०१२ मध्ये दिसलं आहे. २२ अंशांना मिळालेला 'नकार' ३७ ला टिकेलच असं नाही.

---

पेशीरंध्र

सगळ्यांचे आभार. आता अवरोधकांकडे वळू. वाचनात क्लोट्रिमाझोल, फ्लुफेनामिक आम्ल, २-एपीबी, एसीए हेच चार पुन्हा पुन्हा येतात.

---

रेडॉक्स

या चौघांवर दाहाचा निष्कर्ष उभा करू नये, हे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येकाची दुसरी बाजू बघा.

फ्लुफेनामिक आम्ल हे मुळात दाहशामक औषधच आहे, सायक्लोऑक्सिजिनेज अडवतं. त्यातून फेनामेट गट क्लोराइड चॅनेलमार्फत एनएलआरपी-३ लाही दाबतो. एसीए फॉस्फोलायपेज ए-२ अडवतं, म्हणजे अॅराकिडोनिक आम्लाची वाटच बंद. क्लोट्रिमाझोल केसीए-३.१ हे पोटॅशियम चॅनेल अडवतं, आणि ते टी पेशी व मॅक्रोफेजमध्ये कॅल्शियमच्या प्रवेशाला आधार देतं. २-एपीबी आयपी-३ रिसेप्टर आणि ओराय यांच्यातही ढवळाढवळ करतं. चौघेही टीआरपीएम-२ नसलेल्या पेशीत दाह कमी करू शकतात. म्हणून खरी कसोटी एकच: चॅनेल नसलेल्या पेशीत अवरोधकाचा परिणाम उरतो का? उरला तर तो चॅनेलवरचा नाही.

पार्पचे अवरोधकही याच पिंजऱ्यात. ते एडीपी-रायबोज थांबवतात हे खरं, पण पार्प-१ स्वतः एनएफ-कॅपा-बीला जनुकांवर साथ देतं. केमोकाइन घटलं तर ते चॅनेलमुळे की थेट पार्पमुळे, हे सांगता येत नाही. पार्प अडवल्यावरही पिपेटमधून दिलेला एडीपी-रायबोज चॅनेल उघडतो; ती तपासणी सोबत जोडली तर निदान 'चॅनेल शाबूत, पुरवठा बंद' एवढं सिद्ध होतं.

उत्तम मार्ग जनुकीय. चॅनेल काढलेल्या पेशीत मूळ चॅनेल परत घाला, दुसऱ्या गटात छिद्र निकामी केलेलं घाला, तिसऱ्यात एडीपी-रायबोज न बांधणारं. फक्त पहिल्याने परिणाम परत आला तर आयन प्रवाहाचा पुरावा भक्कम.

---

नलिका

आणि एनएसी (एन-अॅसिटिलसिस्टीन, अँटिऑक्सिडंट)? 'एनएसीने परिणाम गेला, म्हणून तो आरओएसचा' हे वाक्य जवळपास प्रत्येक शोधनिबंधात असतं.

---

रेडॉक्स

दोन कारणांनी ते वाक्य कच्चं आहे. एनएसीची पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया फार मंद. पेशीतल्या पेरॉक्सिरेडॉक्सिनच्या तुलनेत नगण्य. आणि ते आम्ल आहे. १० मिलिमोलर हेपेस, पीएच ७.४, त्यात उदासीन न केलेलं ५ मिलिमोलर एनएसी टाकलं तर बफरमधला जवळपास सगळा आम्लारी भाग संपतो आणि पीएच ६ च्या खाली घसरतो. बाहेरचा पीएच इतका उतरला की टीआरपीएम-२ चा प्रवाह झपाट्याने घटतो. परिणाम गेला तो प्रोटॉनमुळे, श्रेय मिळालं अँटिऑक्सिडंटला. सोडियम हायड्रॉक्साइडने ७.४ वर आणून मगच वापरा.

अशीच चूक ईजीटीएची. कॅल्शियम पकडताना ते प्रोटॉन सोडतं. 'बाहेरचा कॅल्शियम काढला' म्हणताना पीएचही उतरलेला असतो. शक्यतो कॅल्शियम न घातलेलं द्रावणच बनवा, ईजीटीए थोडंसंच.

---

इन्फ्लमझोम

आता एनएलआरपी-३. अस्थिमज्जेतून वाढवलेले उंदराचे मॅक्रोफेज: एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, ३ ते ४ तास. मग निजेरिसिन ५ ते १० मायक्रोमोलर किंवा एटीपी ५ मिलिमोलर, ३० ते ६० मिनिटं. युरेट स्फटिक असतील तर १५० ते २०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, ६ तास. सुपरनेटंटमध्ये आयएल-१ बीटा, सोबत एलडीएच (फुटलेल्या पेशीतून सुटणारं विकर), आणि वेस्टर्नवर कॅस्पेज-१ पी२० व गॅसडर्मिन-डीचा तुकडा. एलायझा न कापलेला आयएल-१ बीटाही पकडू शकतो, म्हणून वेस्टर्न वगळू नका. टीएनएफ मोजा, म्हणजे प्राइमिंग (एलपीएसने केलेली पूर्वतयारी) दोन्ही गटांत सारखं झालं हे कळतं. टीएनएफच कमी असेल तर फरक इन्फ्लमझोमच्या आधीचा आहे.

२०१३ च्या कामात टीआरपीएम-२ चा सहभाग स्फटिक आणि लायपोसोमसारख्या कणांच्या बाबतीत दिसला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने मांडलं की बहुतेक एनएलआरपी-३ उत्तेजकांत समान धागा पोटॅशियम बाहेर जाण्याचा. हे परस्परांना छेदतंच असं नाही. टीआरपीएम-२ मधून पोटॅशियमही बाहेर जातो. निजेरिसिन स्वतःच पोटॅशियम बाहेर काढतं, त्याला कुठल्या चॅनेलची गरज नाही. म्हणून निजेरिसिनवर फरक नाही आणि कणांवर फरक आहे, हा नमुना मिळाला तर चॅनेल वरच्या पायरीवर आहे असं धरायला जागा आहे.

बाहेर ५० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड देऊन 'पोटॅशियम अडवला, परिणाम गेला' असं म्हणतात. त्याने पटलही डीपोलराइझ होतं आणि कॅल्शियमचा जोर घटतो. वर विद्युतभार यांनी आकडे दिलेच आहेत. पेशीतला पोटॅशियम प्रत्यक्ष मोजा, आयसीपी किंवा फ्लेम फोटोमीटरने.

बायकार्बोनेट-फॉस्फेट माध्यमात जादा कॅल्शियम घातला तर कॅल्शियम फॉस्फेटचे बारीक कण बसतात आणि ते कणच इन्फ्लमझोम पेटवतात. प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली बघा.

---

फुरारंग

टीएचपी-१ (मानवी मोनोसाइटसारख्या) पेशींसाठी एक ओळ: पीएमए देऊन मॅक्रोफेज बनवता तेव्हा तोच पीएमए पीकेसीमार्गे एनओएक्स-२ ला चालू करतो. ऑक्सिडंटचा प्रश्न विचारत असाल तर पीएमए धुऊन किमान एक दिवस विश्रांती द्या, नाहीतर शून्य वेळेलाच पेशी ताणाखाली असतात.

---

अर्धपारगम्य

इतर चॅनेलबद्दल थोडक्यात, कारण एकाच पेशीत ती एकमेकांविरुद्ध जातात.

टीआरपीए-१ संवेदी न्यूरॉनमध्ये असतं. पेरॉक्साइड आणि चरबीच्या ऑक्सिडेशनमधून येणारं ४-हायड्रॉक्सीनोनेनल त्याच्या सिस्टीनमध्ये थेट बदल घडवतात. मग चेतातंतूच्या टोकातून सीजीआरपी आणि सबस्टन्स-पी सुटतात, रक्तवाहिन्या फुगतात, द्रव पाझरतो. इथे उगम चेतातंतू आहे, रोगप्रतिकारक पेशी नंतर येतात. पेरॉक्साइडचा परिणाम डीटीटीने उलटला तर सिस्टीनवर थेट झालेला बदल, म्हणजे टीआरपीए-१ सारखं काही. उलटला नाही आणि पार्प अडवल्यावर गेला, तर टीआरपीएम-२ चा संशय घ्यावा.

ओराय-१ मात्र पेरॉक्साइडने बंद होतं, सिस्टीन १९५ मुळे. ओराय-३ मध्ये ते सिस्टीन नाही, म्हणून ते टिकतं. म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणाखालच्या टी पेशीत एक कॅल्शियम-वाट मिटते, दुसरी उघडते. एकूण कॅल्शियमचा आकडा बघून यातलं काहीच कळत नाही.

---

नलिका

मग उंदरांवरच्या विरोधी निष्कर्षांचं काय? २०१२ मध्येच फुफ्फुसाच्या जुनाट अडथळ्याच्या आजाराच्या प्रारूपांत चॅनेल नसल्याने फरक पडला नाही असंही आलं होतं.

---

विद्युतभार

म्हणूनच प्रारूपाचा तपशील महत्त्वाचा. एंडोटॉक्सिन पोटात दिलं की हुंगवलं, दाह तासांचा की आठवड्यांचा, मोजमाप न्यूट्रोफिलच्या संख्येचं की ऊतीच्या हानीचं, यांवर उत्तर ठरतं. डीएसएसमध्ये तर आतड्यातले जिवाणू निम्मा निकाल ठरवतात. चॅनेल नसलेले आणि असलेले उंदीर एकाच विणीतले, एकाच पिंजऱ्यात वाढलेले हवेत. डीएसएसचं रेणुभार ३६ ते ५० किलोडाल्टन, एकच बॅच, पाण्याचं सेवन मोजलेलं. कमी पाणी प्यायलेला उंदीर उगाच कमी आजारी दिसतो. आणि उंदरात सीएक्ससीएल-८ नसतं. तिथे सीएक्ससीएल-१ आणि २ मोजा.

ज्यांना एकाच प्रयोगात दोन्ही बाजू बघायच्या आहेत त्यांनी वेळ फोडावी. एकाच तुकडीतल्या पेशी घेऊन पहिल्या ३० मिनिटांत सुपरऑक्साइड मोजा. सायटोक्रोम-सी, ५५० नॅनोमीटर, गुणांक २१.१ प्रति मिलिमोलर प्रति सेंटिमीटर, आणि एसओडीने (सुपरऑक्साइड मोडणाऱ्या विकराने) थांबणारा भागच धरा. १ ते ४ तासांना केमोकाइनचं आरएनए, ४ ते २४ तासांना प्रथिन. उत्तेजक दोन: बाहेरून ग्लुकोज ऑक्सिडेज आणि आतून एफएमएलपी (जिवाणूंसारखं पेप्टाइड) किंवा ऑप्सोनाइझ केलेला झायमोझॅन (यीस्टच्या भिंतीचे कण). एका पेशीत चार खाने भरतील. चॅनेल नसताना बाहेरच्या ऑक्सिडंटवर केमोकाइन घटलं आणि आतल्या उत्तेजकावर सुपरऑक्साइड वाढलं, तर दोन्ही गट बरोबर.

---

मोजपट्टी

त्यात एक जोड. डीसीएफडीएने सुपरऑक्साइडची ती पायरी करू नका. तो रंग पेरॉक्साइडशी थेट जुळत नाही. लोह, पेरॉक्सिडेज किंवा सुटलेलं सायटोक्रोम-सी लागतं, आणि ऑक्सिडेशन होताना तो स्वतः आणखी सुपरऑक्साइड तयार करतो. मरणाऱ्या पेशीत चमक वाढते ती बहुतेक वेळा लोह आणि सायटोक्रोममुळे. पेशीतला पेरॉक्साइड बघायचा तर आरओजीएफपी-२-ओआरपी-१ किंवा हायपर-७ हे पेशीत व्यक्त करायचे सेन्सर घ्या. जुना हायपर पीएचला हलतो, आणि एचव्ही-१ च्या प्रयोगांत पीएच हलणारच. आत पोचलेली संहती बाहेरच्या शेकडो पट खाली असते, त्यामुळे बाहेर २०० मायक्रोमोलर दिल्यावर सेन्सर तृप्त झाला नाही तर घाबरू नका. डोस वाढवण्याआधी शेवटी डायअमाइड आणि डीटीटी देऊन त्याची दोन टोकं निश्चित करा.

---

पेशीरंध्र

विद्युतभार, चार खान्यांच्या आराखड्यात पाचवा खाना सुचवतो: झायमोझॅनसोबत कॅटालेज. पेशीने बाहेर टाकलेला पेरॉक्साइड फिरून तिच्याच किंवा शेजारणीच्या टीआरपीएम-२ ला उघडतो का, हे त्यातून कळेल. कॅटालेज आत जात नाही, म्हणून ते फक्त बाहेरची फेरी तोडतं. पेशीसंख्या दोन ठेवा, विहिरीत १०,००० आणि ५०,०००. दाट विहिरीतच कॅटालेजने फरक पडला तर संदेश शेजारून येतो आहे.